आपल्या तालुक्याचा दिनविशेष कुठंय?



आज नेहमीचा रतीब नाही. म्हणजे इतिहासात आज काय घडलं, एक गंमतशीर माहिती, एक विनोद आणि शेवटी माझी चार ओळींची बडबड, हे जे रोज सकाळी सहाच्या आत मी तुमच्या दारात टाकून जातो ते आज बंद. उद्यापासून पुन्हा चालू. आज जरा लांबलचक लिहायचंय, तेव्हा चहा घेऊनच बसा. ज्यांना फक्त विनोद वाचायचा असतो (तुम्ही बरेच जण आहात, लाईकवरून मला सगळं कळतं) त्यांच्यासाठी मध्ये कुठेतरी एक पेरून ठेवलाय. शोधा.

विषय दिनविशेषाचाच आहे. सकाळी उठून फोन हातात घेतला की किमान पाच ग्रुपवर दिनविशेष पडलेला असतो. सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, वारकरी ग्रुप, पत्रकारांचा ग्रुप आणि भावकीचा ग्रुप. पाचही ठिकाणी मजकूर एकच, फक्त खाली गुलाबाची फुलं कमीजास्त. कुणीतरी पहाटे कुठूनतरी उचलतो आणि मग तो महाराष्ट्रभर फिरतो. त्यात वाईट काही नाही. आपल्याला सवयच आहे त्याची. आकाशवाणीवर ऐकलाय, पेपरच्या कोपऱ्यात वाचलाय, शाळेच्या फळ्यावर सुविचाराखाली खडूने लिहिलाय. कालनिर्णय १९७३ पासून भिंतीवर आहे आणि तारखेच्या चौकोनात काय छापलंय हे बघितल्याशिवाय आपल्याकडे घरचं एक कार्य ठरत नाही. तारखेला धरून आठवण काढायची, ही आपली जुनी खोड आहे. चांगली खोड आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या दिनविशेषांत कर्जत-खालापूर कुठेच नाही.

शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात एका जिल्हा परिषद शाळेत जाणं झालं. परिपाठ चालू होता. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, मग एका मुलीने खणखणीत आवाजात दिनविशेष वाचला. कुठल्याशा देशाचा स्वातंत्र्यदिन, एका परदेशी शास्त्रज्ञाचा जन्म, एका नटाचा मृत्यू. वर्गात निम्मी पोरं ठाकर आणि कातकरी वाड्यांवरची. परिपाठ संपल्यावर गुरुजींच्या परवानगीने मी विचारलं, भाई कोतवाल कोण? जरा वेळ शांतता. मग मागून एक जण म्हणाला, "पिच्चर हाय." दुसरा म्हणाला, "चौकाचं नाव हाय." दोघंही बरोबर होते. २०२० साली सिनेमा आला होताच आणि त्यांच्या नावाच्या पाट्याही आहेत. गुरुजी मला नंतर म्हणाले, साहेब, आम्हाला मोबाइलवर जे येतं ते आम्ही फळ्यावर लिहितो, तालुक्याचं कुणी पाठवतच नाही.

त्या गुरुजींना मी दोष देणार नाही. पाठवायचं काम कुणाचं होतं? माझ्यासारख्यांचं. पत्रकारितेची पदविका घेऊन वीस वर्षं याच दोन तालुक्यांत बातम्या गोळा करणाऱ्या माणसाने नाही पाठवायचं, तर कुणी पाठवायचं?

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे रोज रोज सांगण्यासारखं घडलंय तरी काय? बघा बरं.

१ डिसेंबर. सगळीकडे जागतिक एड्स दिन. १९१२ साली याच तारखेला माथेरानला विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. नाभिक समाजातलं कुटुंब. पोरगा शिकून वकील झाला, माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला, आणि तरीही त्याचं मन खाली गावांत अडकलेलं. शेतकरी पावसाळ्यात सावकाराच्या दारात धान्यासाठी उभा राहतो म्हणून धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. मग बेचाळीस आलं. आझाद दस्ता उभा राहिला आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात मुंबईकडे वीज नेणारे मनोरे एकामागून एक आडवे व्हायला लागले. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी गाठलं. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथेच पडले. हिराजी हे गोमाजी पाटलांचे चिरंजीव. बाप आणि मुलगा दोघंही त्या लढ्यात.

सिद्धगड येतो मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. दरवर्षी २ जानेवारीला पहाटे तिथे मानवंदना होते, आपल्याकडची माणसं अंधारात चालत जातात, मीही गेलोय. कडाक्याची थंडी असते. पण तालुक्याच्या हद्दीने कशी गंमत केली बघा. माणूस माथेरानचा, काम कर्जतच्या गावांतलं, मृत्यू ठाणे जिल्ह्यात. एका यादीत जन्म, दुसऱ्या यादीत मरण, आणि महाराष्ट्रभर फिरणाऱ्या त्या दिनविशेषात मला तरी दोन्ही तारखा क्वचितच दिसल्या.

या मनोऱ्यांची आणखी एक बाजू आहे, ती मला नेहमी खुणावते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून टाटांनी घाटावर लोणावळा, वळवण, शिरोता इथे पाणी अडवलं. १९११ साली काम सुरू झालं आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली. सतराशे फुटांहून जास्त उंचीवरून पाइपातून पाणी खाली येतं आणि चक्र फिरवतं. मागून १९२२ साली भिवपुरी आलं. त्यानंतर वीस वर्षांनी याच डोंगरांतल्या तरुणांनी मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. म्हणजे मुंबई उजळली ती आपल्या उतारावरून आणि परक्या सरकारला झटका द्यायचा तर तोही इथूनच. आणि भिवपुरीचं पाणी चक्र फिरवून सुटतं ते पेज नदीत येतं, त्याच पाण्यावर राजनाला वाहतो आणि राजनाल्यावर आपल्याकडे उन्हाळी भात उभं राहतं. कर्जत-३, कर्जत-७ अशी आपल्या गावाच्या नावाची भाताची बियाणी इथल्या संशोधन केंद्रातून निघाली आणि राज्यभर पेरली जातात, हे तरी किती जणांना माहीत आहे? बी पेरणाऱ्या शेतकऱ्याला माहीत असतं. फार्महाउसवर तांदूळ शिजवून खाणाऱ्याला नसतं.

(वीज मुंबईला १९१५ साली पोचली. आमच्या आळीत पहिला पाऊस पडला की ती अजूनही परत मुंबईलाच जाते. हा विनोद नव्हे. विनोद पुढे आहे.)

२२ मार्च. फळ्यावर जागतिक जलदिन. १९०७ साली याच दिवशी नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. आदमजी पीरभॉय कुटुंबातल्या अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. माथेरान १८५० साली 'शोधलं' ते ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी, कारण तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं. शोधलं हा शब्द मी अवतरणात टाकलाय. वर धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून राहत होते, फिरत होते. त्यांनी साहेबाला वाट दाखवली असणार, नाहीतर साहेब आजही जंगलात फिरत असते.

२१ एप्रिल १८६३ ला बोरघाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला. त्याआधीची गोष्ट जास्त मजेची आहे. १८५६ पासून गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत यायची. १८५८ साली खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट प्रवाशांनी पालखीत बसून, नाहीतर पायी चढायचा. म्हणजे खोपोलीकरांनो, पुण्याला आगगाडी पोचायच्या दोन वर्षं आधी ती तुमच्याकडे होती. घाटाचा ठेका घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, ठेका सोडला नाही. माणसं नेमली आणि काम पुढे नेलं. ही माहिती मी गेल्या वर्षी टाकली तेव्हा 'स्त्रीशक्तीला सलाम' म्हणून खूप शेअर झाली. व्हायलाच हवी. पण २५ बोगदे हातांनी, सुरुंगांनी फोडताना पटकीने आणि तापाने हजारो मजूर गेले, त्यांतल्या एकाचंही नाव आपल्यापाशी नाही. ती माणसं कुठून आली, कुठे पुरली, कुठे जाळली, काही नाही. त्यांच्या मरणाची तारीखच नाही, तर दिनविशेषात ती येणार कशी?

२ फेब्रुवारी १६६१. उंबरखिंड. ही मात्र आता बऱ्यापैकी लोकांना ठाऊक आहे. खालापूर तालुक्यात चावणीजवळ शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज अडचणीच्या वाटेत कोंडली आणि हत्यारं, सामानसुमान टाकून परत जायला भाग पाडलं. फौजेत रायबागन होती. काही पुस्तकं ३ फेब्रुवारी देतात. यावरून दर वर्षी माझ्या पोस्टखाली दोन गट पडतात आणि मध्ये एखादा विचारतो, "तिथे जवळ जेवणाची सोय कुठे आहे?"

हो, आणि घोळाचं म्हणाल तर सगळ्यात मोठा घोळ आपल्या नावाचा. महाराष्ट्रात कर्जत दोन. एक आपलं, एक अहिल्यानगरचं. फॉरवर्ड करणाऱ्याला त्याचं काही नसतं. संत गोदड महाराजांच्या रथयात्रेच्या शुभेच्छा आपल्या स्टेशनच्या फोटोवर छापून येतात. कर्जत-जामखेडच्या आमदारांना आपल्याकडचे लोक रस्त्यातल्या खड्ड्यांचे फोटो टॅग करतात आणि तिकडचे लोक दुष्काळाबद्दल आपल्या आमदारांना जाब विचारतात. नावातच कर्ज आहे, तर सातबाऱ्यावर वेगळं कशाला चढवता, असं आमच्या इथले एक काका बँकेत म्हणाले होते. तेवढं मात्र दोन्ही कर्जतांना लागू आहे.

चुकीच्या तारखांचा तर पूर येतो. दर १४ फेब्रुवारीला भगतसिंगांना याच दिवशी फाशीची शिक्षा सुनावली, तुम्ही प्रेमाचे दिवस काय साजरे करता, असा संदेश फिरतो. शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० ला, फाशी झाली २३ मार्च १९३१ ला. दर वर्षी मी हे लिहितो, दर वर्षी तेच लोक तेच पाठवतात. एकाने तर मला सांगितलं, "अहो भावना समजून घ्या." भगतसिंगांची भावना समजायची तर आधी त्यांची तारीख तरी नीट ठेवा की!

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे सगळं निव्वळ गावाभिमान म्हणून लिहायचं असतं तर रोजच्या चार ओळींत भागलं असतं.

पाऊस लागलाय. पुढच्या महिन्यात १९ तारीख येईल. १९ जुलै. सगळ्या ग्रुपवर सकाळी येईल की १९६९ साली आज १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, मंगल पांडे यांची जयंती, जयंत नारळीकर यांची जयंती. तिन्ही खरं. आणि २०२३ साली याच रात्री इरशाळगडाच्या कुशीत इरशाळवाडीवर डोंगर आला.

तुमच्यातले कित्येक जण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिथे होते, मी नव्याने काय सांगणार? वर गाडीरस्ता नाही, चिखलातली तासादीड तासाची चढण, जेसीबी वर नेता येत नव्हतं. माणसांनी हातांनी, फावड्यांनी माती उपसली. मुख्यमंत्री पायी चढून गेले. मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक जवान चढतानाच गेला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. ती अजून डोंगरातच आहेत. वाचलेले आधी चौकजवळ कंटेनरमध्ये राहिले, मग त्यांच्यासाठी पक्की घरं बांधली गेली.

त्या वेळी सरकारने विधिमंडळात एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत लिहून ठेवलीय. दरडप्रवण गावांच्या यादीत इरशाळवाडीचं नाव नव्हतं, आणि याआधी तिथे तसं काही घडल्याची नोंद नव्हती.

यादी. नोंद. या दोन शब्दांपाशी मी किती वेळा थांबलोय.

नोंद नव्हती म्हणजे कुणाकडे नव्हती? तहसीलमध्ये नव्हती, जिल्ह्यात नव्हती, मान्य. पण डोंगरावरच्या वाड्यांवर बसून म्हाताऱ्या माणसांशी बोला. कुठला कडा कधी सुटला, कुठल्या झऱ्याचं पाणी गढूळ आलं, कुठल्या साली गोठा सरकला, हे त्यांना तोंडपाठ असतं. अडचण एकच, त्यांच्याकडे तारीख नसते. "कोणत्या साली?" विचारलं की उत्तर येतं, "थोरला पोटात व्हता त्या साली." मग आपण थोरल्याची शाळेची नोंद काढायची. जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख असते (ती बहुतेकांची १ जून असते हा भाग वेगळा, पण साल तरी मिळतं). मग त्या सालचा पाऊस बघायचा, ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात काही अर्ज आहे का बघायचं. दोन-चार ठिकाणी मी हे करून पाहिलंय. होतं. वेळ लागतो, पण होतं. आणि डोंगरांचे नकाशे करणाऱ्या तज्ज्ञांना पूर्वी कुठे काय घसरलं ही माहिती सोन्यासारखी असते. ती आपल्याकडे चुलीपाशी पडून आहे आणि सांगणारं माणूस गेलं की तिच्यावर कायमची माती पडते.

रायगडकरांसाठी जुलैचा दुसरा पंधरवडा म्हणजे काय, ते एकाखाली एक लिहिलं तरच कळतं. २५-२६ जुलै २००५, महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते. २२ जुलै २०२१, महाड तालुक्यातलंच तळीये. १९ जुलै २०२३, इरशाळवाडी. घाटाच्या पलीकडे पुणे जिल्ह्यात माळीण, ३० जुलै २०१४. सगळं बारा-तेरा तारखांच्या आत. २६ जुलैला आपल्याला मुंबईचे ९४४ मिलिमीटर आठवतात, कारगिल विजय दिवस आठवतो. त्याच पावसात माथेरानच्या गाडीचा रूळ वाहून गेला होता आणि ती पुन्हा धावायला २००७ उजाडलं, हे विसरायला होतं. २७ जुलै २०१९ ला वांगणी-बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली, हजारभर माणसं बोटीने काढली. ती नदी राजमाचीच्या डोंगरातून आपल्याच अंगणातून वाहत तिथे जाते. या तारखा एका कागदावर, शाळेच्या फळ्याशेजारी, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावल्या, तर जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्री पाऊस वाढला की वाडीतला पोरगा तरी आजोबाला म्हणेल, आज शाळेत झोपायला जाऊ. एवढ्यासाठी मला हा दिनविशेष हवाय.

मागच्या १९ जुलैला मी इरशाळवाडीवर लिहिलं तेव्हा दोन फोन आले. एक होता प्लॉटिंगच्या धंद्यातल्या ओळखीच्या माणसाचा. "भाऊ, सीझन आहे, मुंबईची पार्टी येते, कशाला असलं टाकताय? डोंगरव्ह्यूचं गिऱ्हाईक बिचकतं." त्याला मी काय म्हणणार? त्याचंही पोट आहे. पण डोंगरव्ह्यू विकायचा आणि डोंगराची जन्मपत्रिका लपवायची, हा व्यवहार मला पटत नाही. ज्याला उताराला लागून बंगला बांधायचाय त्यालाच तर ही तारीख आधी कळायला हवी.

दुसरा फोन एका निवृत्त बाईंचा. त्यांचं म्हणणं मला जास्त लागलं. म्हणाल्या, "तुमचं सकाळचं वाचून बरं वाटतं, दिवस चांगला जातो. मरणाच्या तारखा सकाळी सकाळी नका देऊ." यात तथ्य आहे. सकाळच्या रतीबात थोडा गोडवा हवाच. म्हणून तर विनोद असतो, म्हणून दिवाडकरांच्या वड्याची गोष्ट असते, म्हणून १ जून १९३० ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस आपण दर वर्षी साजरा करतो. पण ज्या कुटुंबात ती तारीख घडलीय त्यांना ती टाळता येत नाही. आपण टाळली की ते एकटे पडतात. बाईंना मी एवढंच म्हटलं की दिवस चांगला जावा म्हणून रात्र पण आठवायला लागते. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मला ब्लॉकही केलं नाही.

आणि एक गोष्ट. पनवेल-कर्जत नव्या लोकल मार्गाचं काम चालू आहे. तो झाला की इथली वस्ती किती बदलेल याचा अंदाज तुम्हाला टॉवरच्या जाहिरातींवरून आलाच असेल. येणाऱ्यांना माझा विरोध नाही, माझे निम्मे वाचक असेच आलेले आहेत आणि तेच जास्त प्रश्न विचारतात. पण शेतांची नावं आधीच गेली. ज्या खाचराला चार पिढ्या एक नाव होतं तिथे आता 'व्हॅली' आणि 'मेडोज'च्या कमानी आहेत. नावं गेल्यावर निदान तारखा तरी उरल्या पाहिजेत. नव्याने आलेल्या मुलाला शाळेत पहिल्या दिवशी कळलं पाहिजे की तू ज्या विजेच्या तारांखालून आलास तिच्यासाठी इथे काय काय झालंय. आणि कातकऱ्याच्या पोराला कळलं पाहिजे की २५ सप्टेंबर १९३० ला याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळी खाल्लेल्यांत एक नाग्या कातकरी होता. फळ्यावर ते नाव लिहिताना त्याचा हात वेगळा चालेल.

(विनोद. मुंबईचा पाहुणा कर्जत स्टेशनवर बाकड्यावर बसलेल्या आजोबांना विचारतो, "खोपोली लोकल कधी आहे हो?" आजोबा म्हणतात, "येईल ना. मी पण तिचीच वाट बघतोय." पाहुणा म्हणतो, "कधीपासून?" आजोबा शेजारच्या पोराकडे बघून म्हणतात, "हा माझा नातू. आलो तेव्हा एकटाच होतो.")

तर मी काय ठरवलंय ते सांगतो. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांचा मिळून एक दिनविशेष करायचा. ३६५ चौकोन. सध्या माझ्याकडे पक्क्या अशा चाळीसएक तारखा आहेत, त्यातल्या निम्म्या लढाया, रेल्वे आणि पुढाऱ्यांच्या. मला बाकीचे चौकोन भरायचेत. तुमच्या गावात पहिली शाळा कधी भरली. पहिला दिवा कधी लागला. नदीवर साकव नसताना कोण वाहून गेलं आणि मग पूल कधी झाला. कुठल्या साली भात पूर्ण बुडालं. कुठला उतार कधी सरकला, मग त्यात कुणी दगावलं नसलं तरी चालेल. उलट तेच जास्त हवंय.

पाठवताना तीन गोष्टी लिहा. तारीख किंवा निदान साल, नेमकं ठिकाण, आणि हे तुम्हाला कुणाकडून कळलं. आजीने सांगितलं असेल तर आजीने सांगितलं असं लिहा, लाजू नका. मी शाळेच्या, पंचायतीच्या कागदाशी पडताळून बघेन. जमलं नाही तर 'सांगोवांगी' असा शिक्का मारून वेगळ्या वहीत ठेवेन, फेकणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं कृपया पाठवू नका, ते माझ्याकडे आधीच पाच ग्रुपवर आलेलं असतं. ज्या गुरुजींना, बाईंना शाळेसाठी हवंय त्यांनी शाळेचं नाव कळवा, दर रविवारी पुढच्या आठवड्याचा तालुक्याचा दिनविशेष त्यांना पाठवत जाईन, फुकट, गुलाबाच्या फुलांशिवाय.

जुलैचे चौकोन आधी भरायचेत. डोंगराकडेला राहणाऱ्यांनी, चौक, खालापूर, कशेळे, कळंब या बाजूच्या मंडळींनी जरा लवकर हालचाल करा. वाडीवर जाऊन बसायचं असेल तर सांगा, शनिवारी मी मोकळा आहे. छत्री आणा, बाइक खालीच लावावी लागेल.